वैजयंतीच्या रेकॉर्डी

“वैजूच्या वेळी हा चरा नव्हता,” आमचे हे दारातून म्हणाले.

रेकॉर्ड फिरत होती आणि गाणं एकाच जागी अडकलं होतं. ‘कुणी गं ठेवि... कुणी गं ठेवि... कुणी गं ठेवि...’ गाणारी बाई जीव तोडून विचारत होती आणि सुई तिला पुढं सरकू देत नव्हती.

“ठाऊक आहे मला,” मी म्हटलं आणि करंगळीनं सुईचा दांडा अलगद पुढं ढकलला. ‘कुणी गं ठेविला दारी दिवा,’ बाईंनी एकदाची ओळ पुरी केली.

“नाही, मी आपलं सहज म्हटलं.”

“मीही सहजच ऐकलं.”

ते आत निघून गेले. बोलून झालं की निघून जायचं, ही त्यांची जुनी खोड. मागं राहिलेल्या माणसानं त्या वाक्याशी एकटंच झटापट करत बसायचं. लग्न होऊन मला त्या घरात तीस-पस्तीस वर्षं झाली होती, आणि ‘वैजूच्या वेळी’ हे दोन शब्द ऐकले की अजूनही माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

वैजू म्हणजे वैजयंती, यांची पहिली बायको. ती गेली तेव्हा चारू, तिची मुलगी, तीन वर्षांची होती. वर्षभरानं मी आले. दुसरेपणाची. लग्नातच सासूबाईंनी वैजयंतीच्या नावाचा चांदीचा बारीकसा टाक माझ्या मंगळसूत्राशेजारी बांधला. तशी रीतच होती. पहिलीचा आत्मा शांत राहावा म्हणून. माझ्या आत्म्याचं काय, हे कुणी विचारलं नाही. इतर बायकांची सवत शेजारी नाहीतर पलीकडच्या गल्लीत असते, माझी गळ्यातच बांधलेली होती.

जिवंत सवतीशी भांडता तरी येतं. ती जाड होते, तिचे केस पिकतात, तिच्या हातची आमटी एखाद दिवशी खारट होते. मेलेलीचं यातलं काही होत नाही. वैजयंती सत्ताविसाव्या वर्षी गेली आणि तिथंच थांबली. सांगलीत आमच्या घरी पुढच्या खोलीत तिचा फोटो होता. दोन वेण्या, कपाळावर ठसठशीत कुंकू आणि ओठ जरासे मुडपलेले, जणू मला काहीतरी सांगायचं राखून ठेवलं आहे. दर वर्षी मी एका वर्षानं म्हातारी व्हायचे आणि ती वरून बघायची. मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते खोटं नाही. तिचं लोणचं, तिचे टाके, तिचं अक्षर. आणि तिचं गाण्याचं वेड. माहेराहून येताना तिनं भांडीकुंडी आणली नव्हती, रेकॉर्ड प्लेअर आणि पेटीभर रेकॉर्डी आणल्या होत्या. प्रत्येकीच्या वेष्टनावर जांभळ्या शाईत सही: सौ. वैजयंती उटगीकर. मीही सौ. उटगीकरच. नाव तेवढं वेगळं.

तर त्या रेकॉर्डी कॉम्प्युटरवर उतरवायच्या ठरल्या होत्या, आणि उतरवायला मी बसले होते.

कल्पना चारूची. ती बंगळूरला नोकरीला. फोनवर म्हणाली, “मावशी, आईच्या रेकॉर्डी अशा ट्रंकेत पडून खराब होतील. मी यंत्र पाठवते, लॅपटॉप पाठवते, तू उतरवून काढशील? अप्पांना नाही जमणार.”

मावशी म्हणजे मी. मी घरात आले त्याच दिवशी सासूबाईंनी पोरीला समोर उभं करून सांगितलं होतं, “ही मावशी. आई वर आहे, देवाकडं.” तेव्हापासून मी मावशी. वेण्या घालायला मावशी, गोवरात रात्र रात्र उशाशी बसायला मावशी, दहावीला पहाटे चहा करून द्यायला मावशी. लग्नात कन्यादानाला यांच्या शेजारी बसले तेव्हा भटजींनी “मुलीच्या आईनं पळी हातात घ्यावी” म्हटलं, आणि चारू पटकन माझ्याकडं वळून म्हणाली, “मावशी, पळी घे.” तिच्या मनात काही नव्हतं हो. पोर गुणाची. पण मी पळी घेतली ती खाली मान घालून.

नाही म्हणायला कारण नव्हतं. मी जन्मभर टायपिंगचे क्लास घेतले, पुढं क्लासात कॉम्प्युटर आले तेही शिकले आणि शिकवले. यांना मोतीबिंदू. मग मीच राहिले.

यंत्र दिसायला जुन्या रेकॉर्ड प्लेअरसारखंच होतं, फक्त त्याच्या पाठीतून एक वायर निघून लॅपटॉपमध्ये जायची. इकडं रेकॉर्ड वाजली की तिकडं पडद्यावर हिरवी रेघ थरथरत पुढं सरकायची. यात घाई चालत नाही. झेरॉक्ससारखं एक बटण दाबलं आणि कागद बाहेर आला, असं नसतं. बाजू जेवढा वेळ वाजते तेवढाच वेळ ती उतरायला लागतो, आणि माणसाला शेजारी बसून राहावं लागतं. म्हणजे सवतीची आवडनिवड मला पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत ऐकत बसायची होती, आणि तीही तिच्या फोटोखाली.

श्रावणात सुरुवात केली होती, आता पितृपंधरवडा आला होता. रोज दुपारची भांडी आवरली की मी एक रेकॉर्ड काढायची, मऊ फडकं ओलसर करून गोल गोल पुसायची, लेबलाला पाणी लागू न देता. मग सुई ठेवायची. रेकॉर्डीवर रेघा बघितल्या की कळतं कुठलं गाणं जास्त वाजलंय. तिथं काळा रंग करडा पडलेला असतो. विरहाची गाणी करडी पडली होती. सुखानं संसार करणारी बाई ही, नवरा जिवापाड जपणारा, आणि हिला विरहाची कसली हौस? असं माझ्या मनात यायचं आणि वर फोटोकडं बघून मी म्हणायची, “बाई, तुझं सगळंच जगावेगळं.”

एक मात्र खरं, तिच्या रेकॉर्डींना कुठं ओरखडा नव्हता. एकीला सोडून. दिव्याच्या गाण्याची ती रेकॉर्ड, तिला मधोमध आडवा चरा. आणि तो माझ्या काळातला. घरात सगळ्यांना ठाऊक होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी सासूबाई दिवाळीला गावाहून आल्या, त्यांनी ते गाणं लावायला सांगितलं आणि ते अडकलं. त्यांनी विचारलं, “कुणाचा हात लागला?” मी म्हटलं, “माझा.” “सवतीच्या वस्तूला लागायचाच,” एवढंच बोलल्या. त्याच दिवशी सगळ्या रेकॉर्डी जुन्या धोतरात गुंडाळून ट्रंकेत गेल्या, प्लेअर माळ्यावर गेला. हे काही बोलले नाहीत. पण नंतर कधीही त्या रेकॉर्डींची गोष्ट निघाली की हे सहज म्हणून ते वाक्य म्हणायचे.

म्हणून मी चंग बांधला. एवढ्या एका गाण्यासाठी मी तीन दुपारी घातल्या. जिथं सुई अडकून त्याच त्याच जागी फिरत होती, ते तुकडे पडद्यावर मोठे करून कापून काढले. उरलेली टोकं एकमेकांना जोडली. कट्‌ असा आवाज यायचा, तोही घासून घासून घालवला. शेवटी गाणं सुरू केलं तर पाण्यासारखं वाहत गेलं. ‘कुणी गं ठेविला दारी दिवा.’ कुठं अडखळ नाही, खरखर नाही. मी यांना बोलावून ऐकवलं.

“अरे वा!” हे म्हणाले. “अगदी वैजूच्या वेळी होतं तसं.”

कौतुक माझं, आणि नाव तिचं. पण मला वाटलं, चला, एक खोड तरी आता कुणाला काढता येणार नाही.

अविधवा नवमीच्या आदल्या दिवशी चारू आली. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईचं त्या दिवशी करतात. तिच्या नावानं सवाष्ण जेवायला घालतात, ओटी भरतात. दर वर्षी ते मी करायची. तिला खीर वेलदोड्याची आवडायची, जायफळ नको. वडे कुरकुरीत हवेत. ज्या बाईला मी कधी डोळ्यांनी बघितलं नाही, तिच्या जिभेचे सगळे लाड मला पाठ होते. एरवी चारूला रजा मिळायची नाही, त्या वर्षी मुद्दाम काढून आली होती.

चहा झाल्यावर मी लॅपटॉप तिच्यापुढं ठेवला. तिनं ‘आई’ नावाची एक पिवळी घडी, म्हणजे फोल्डर, आधीच करून पाठवली होती. तिच्यात मी एकेक गाणं नीट नाव घालून ठेवलं होतं. हे आरामखुर्चीत डोळे मिटून बसले. चारू एकेक गाणं लावत होती, मान डोलवत होती. “मावशी, काय सुंदर केलंयस गं. एवढं स्वच्छ!” मी आपली पदरानं उगीच टेबल पुसत होते. मग तिनं दिव्याचं गाणं लावलं.

गाणं सुरू झालं तशी ती पुढं सरकून बसली. ती ओळ आली. वाहत पुढं गेली. चारूनं गाणं थांबवलं, मागं नेलं, परत लावलं. ओळ पुन्हा वाहत गेली.

“मावशी, हे तेच गाणं ना?”

“तेच की.”

“नाही गं. हे इथं अडकायचं. ‘कुणी गं, कुणी गं’ असं.”

“चरा पडलाय तिथं. अडकत होतं, मी काढून टाकलं ते. तीन दुपारी गेल्या माझ्या त्यात.”

चारूचा चेहरा उतरला. तिनं तो सावरला, पण मी वाढवलेली पोर ती, मला दिसायचं राहतंय थोडंच? “चांगलं केलंस,” ती म्हणाली. “पण माझं तेवढंच होतं.”

“काय तेवढंच?”

“आईची आठवण.” ती यांच्याकडं नाही, माझ्याकडं बघून बोलत होती. “मला तिचा चेहरा आठवत नाही. फोटोत आहे तेवढाच. आवाज आठवत नाही. एकच आठवतं. मी इथं, ह्या टेबलाजवळ उभी आहे. गाणं अडकलंय. आणि आई स्वयंपाकघरातून मला ओरडून काहीतरी सांगते. काय ते नाही आठवत. पण ती सांगते आणि मी इतकी हसते, इतकी हसते, की खाली बसते. बास, एवढंच. रोज व्हायचं बहुतेक. म्हटलं, तिथं गाणं अडकलेलं परत ऐकलं तर पुढचं आठवेल. त्याच्यासाठी तर हा सगळा खटाटोप गं.”

आरामखुर्ची करकरली. हे सरळ होऊन बसले होते. “पण चारू,” हे म्हणाले, “तो चरा तर वैजूच्या...”

“अहो, तुमचे डोळ्यांचे थेंब घालायचे राहिलेत,” मी म्हटलं. “आत चला आधी.”

स्वयंपाकघरात मी थेंबांची बाटली हातात घेतली आणि नुसतीच उभी राहिले.

“मंदा,” हे हळू आवाजात म्हणाले, “तो चरा तर वैजू गेल्यानंतरचा.”

“हो.”

“म्हणजे ती जे सांगते आहे, ती बाई...”

“कळलंय मला. वर बघा, थेंब घालते.”

“मग सांग की तिला!”

“आणि तिच्याकडं ठेवू काय?”

डोळे मिटून ते बसून राहिले.

चरा कसा पडला ते यांनाही ठाऊक नव्हतं. मी लग्न होऊन आले तेव्हा चारू माझ्याशी चकार शब्द बोलत नव्हती. जेवायला वाढलं तर ताट घेऊन दुसऱ्या खोलीत जायची. हात लावला तर आक्रसायची. महिना-दीड महिना असाच गेला. एका सकाळी मी कणीक मळत होते आणि पुढच्या खोलीत खर्र असा आवाज झाला. जाऊन बघते तर पोर स्टुलावर चढलेली, आईचं गाणं आपल्या हातानं लावायला गेली आणि सुई आडवी ओढली गेली होती. माझ्याकडं बघून तिनं दोन्ही हात डोक्यावर घेतले. आता मार बसणार असं वाटलं असेल. मी सुई कडेला ठेवून गाणं पहिल्यापासून लावलं आणि परत कणकेकडं आले. थोड्या वेळानं ते अडकलं. ‘कुणी गं ठेवि... कुणी गं ठेवि...’ पोर रडकुंडीला आली. माझे हात कोपरापर्यंत पिठात. आमच्या पुढच्या खोलीत टेबलाखालची एक शहाबादी फरशी डुगडुगती होती, त्यावर पाय पडला की टेबल हलायचं. मी आतून ओरडले, “चारू, उडी मार!” तिनं मारली. टेबल हललं, सुई पुढं सरकली, गाणं चालू लागलं. आणि पोर हसली. त्या घरात आल्यापासून मी तिला पहिल्यांदा हसताना ऐकत होते.

मग रोज तेच. रोज ते गाणं, रोज ते अडकणार, रोज मी ओरडणार, रोज उडी. दिवाळीला सासूबाई आल्या आणि खेळ संपला. त्यांनी विचारलं तेव्हा पोर माझ्या मागं पदर धरून उभी होती. मग चरा मी पाडला म्हणाले. पुढं रेकॉर्डी ट्रंकेत बंद झाल्या, आणि घरात जो तो त्यांना ‘आईच्या रेकॉर्डी’ म्हणत राहिला. पोरीच्या मनात गाणं आईचं झालं, मग गाण्याबरोबरचं सगळंच आईचं झालं. तिचा काय दोष?

पण मला लागायचं ते लागलंच. एवढी वर्षं मी जिच्या नावानं जळत होते, तिच्याजवळ तिचं स्वतःचं काय कमी होतं? नवरा तिचा, घर तिचं, पोर तिची, लोणचंसुद्धा तिचं. त्या सगळ्या पसाऱ्यात एक उडी तेवढी माझी होती. तीही पोरीनं उचलून तिच्या पदरात घातली. मला बाहेर जाऊन ओरडावंसं वाटत होतं, अगं ती मी होते, मी! एक वाक्य पुरलं असतं. आणि ते वाक्य बोलले की चारूकडं तिच्या आईचा एवढासाही तुकडा उरणार नव्हता. तोंडात मिठाची गुळणी धरली आणि रात्रीच्या भाकरी थापायला घेतल्या. त्या दिवशी भाकरी काही धड झाल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी नवमी. मी सकाळपासून ओलेत्यानं स्वयंपाकाला लागले. खीर झाली, जायफळ नको ती. आळूचं फदफदं झालं, कढी झाली. समोरच्या पाटणकरीणबाई सवाष्ण म्हणून जेवायला यायच्या होत्या. चारू न्हाऊन वैजयंतीची जुनी अंजिरी साडी नेसून आली. ती साडी मी दर वर्षी उन्हं दाखवून, घडी बदलून ठेवत असे. काठ कुठं विरला नव्हता.

“कशी दिसते?” तिनं दारात उभं राहून विचारलं.

“आईसारखी,” मी म्हटलं. काय म्हणणार दुसरं?

“मावशी, एकदा खरी रेकॉर्ड लावू? ती साफ केलेली नको.”

“लाव.”

मी कढईत पहिला घाणा सोडला. पुढच्या खोलीतून आधी खरखर आली, मग तंबोरा, मग ती बाई गाऊ लागली. माझं सगळं लक्ष कानांत गोळा झालं होतं. वडे लाल होत होते आणि मी झारा हातात धरून नुसती उभी.

अडकलं. ‘कुणी गं ठेवि... कुणी गं ठेवि... कुणी गं ठेवि...’

मला वाटलं चारू सुई ढकलेल. तिनं ढकलली नाही. मी दारातून डोकावले. टेबलाजवळ ती डोळे मिटून उभी होती, दोन्ही हात पोटाशी धरून, लहानपणी गोळी मिळायची वाट बघत उभी राहायची तशी. आणि ती बाई विचारत होती, विचारतच होती, आणि घरात कुणी उत्तर देत नव्हतं. वैजयंती भिंतीवरून बघत होती. तीही गप्प.

“चारू, उडी मार!”

ते माझ्या तोंडून निसटलं की मी काढलं, हे मला आजही सांगता येणार नाही. देवाशपथ सांगते, ठरवलं नव्हतं. पण गिळायचं म्हटलं असतं तर गिळताही आलं असतं.

आणि चारूनं उडी मारली. अडतीस वर्षांची बाई, नेसूला आईची अंजिरी साडी, डोळे मिटलेले. धप्‌! फरशी डुगडुगली, टेबल हललं, सुई सरकली. ‘...ला दारी दिवा,’ बाई पुढं गेली. चारू हसली. अगदी तसंच, पोटातून. मग हसू मध्येच तुटलं. तिनं डोळे उघडले आणि वळून स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं. दारात मी होते. झारा हातात, कोपरापर्यंत पीठ.

गाणं पुढं चालूच होतं.

“वडे करपतायत,” मी म्हटलं आणि आत वळले.

ती मागोमाग आली. दाराच्या उंबऱ्यावर बसली. उंबऱ्यावर बसू नये, एरवी मी म्हटलं असतं.

“तू होतीस,” ती म्हणाली.

मी करपलेले वडे काढत राहिले.

“मावशी, तू होतीस ना? इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

“मला तरी कुठं ठाऊक होतं तुझ्या डोक्यात काय आहे? कालच कळलं.”

“मग काल का नाही बोललीस?”

काय सांगू? मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. इतका झाला की लाज वाटत होती. पोरीच्या लहानपणातलं सगळ्यांत मोठं हसू माझं निघालं होतं. आणि समोर ती साडीचा काठ बोटांत चुरगळत होती.

“म्हणजे आईचं माझ्याजवळ काहीच नाही,” ती म्हणाली.

ह्या एका वाक्याला मी कालपासून भीत होते. मी गॅस बंद केला, हात पुसले आणि तिच्यासमोर खाली बसले. जन्मात वैजयंतीची बाजू घ्यायची वेळ माझ्यावर आली नव्हती. ती त्या दिवशी आली.

“काहीच नाही कसं? रेकॉर्ड कुणाची?” मी म्हटलं. “तिनं ती माहेराहून आणली नसती तर अडकलं काय असतं, माझं कपाळ? मी माहेराहून काय आणलं होतं ठाऊक आहे? वातीचा स्टोव्ह. स्टोव्ह भडकला की माणूस पळतं, उड्या मारून हसत नाही. गाणं तिचं होतं, म्हणून तू उडी मारलीस. मी नुसती ओरडले.”

ती रडता रडता हसली. पदरानं नाक पुसायला गेली, तशी मी तिचा हात धरला. “तिची साडी आहे,” म्हटलं, “माझ्या पदराला पूस.” तिनं पुसलं.

“आणि तो चरा? तो कसा पडला?”

पुढच्या खोलीत आरामखुर्चीची करकर थांबली.

“माझा हात लागला,” मी म्हटलं.

तिथून यांचा आवाज आला. “चांगला पडलाय चरा,” हे म्हणाले. “बरं झालं पडला.”

वाक्य टाकून निघून जायची खोड होती त्यांना, पण त्या वेळी ते गेले नाहीत. दारापर्यंत आले आणि तिथंच उभे राहिले.

पाटणकरीणबाई यायला अजून अवकाश होता. चारू उठली, टेबलाजवळ गेली आणि तिनं यंत्राची वायर लॅपटॉपमधून काढून टाकली. वायरीतून रेकॉर्डीतलं तेवढंच उतरतं, खोलीतलं काही येत नाही, एवढं मलाही कळत होतं. तिनं मोबाइल टेबलावर ठेवला, बटण दाबलं, सुई पहिल्यापासून लावली.

“मावशी, तू आत जा. कढईजवळ. होतीस तिथं.”

“अगं, सवाष्ण येईल...”

“जा ना गं.”

मी गेले. गॅस लावला, नवा घाणा सोडला. गाणं अडकलं, मी ओरडले, तिनं उडी मारली. ह्या खेपेला यांचं हसणंही त्यात आलं, आणि तेल तडतडलेलंही. त्या दिवशी वैजयंतीच्या नावानं ओटी भरली ती मी माझ्यासाठी ठेवलेल्या खणानं. पाटणकरीणबाई म्हणाल्या, “मंदाताई, यंदा एवढा भारी खण?” मी म्हटलं, “खाल्लेल्या मिठाला जागावं माणसानं.” त्यांना काही कळलं नाही.

आता हे नाहीत. नवरा असेतोवरच अविधवा नवमी करतात, तेव्हा तीही बंद झाली. गळ्यातलं गेलं, टाक तेवढा मी देवघरात ठेवलाय, निरांजनाशेजारी.

चारूनं त्या दिवशी मोबाइलवर घेतलेली ती फाइल मलाही पाठवली आहे. ‘आई’च्या त्या पिवळ्या फोल्डरमध्येच ठेवली आहे तिनं, वैजयंतीच्या गाण्यांच्या अगदी मधोमध, आणि फाइलला नाव दिलंय ‘मावशी’. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला हसूच आलं. म्हटलं, घ्या, शेवटी इथंही मी तिच्याच घरात राहायला आले.